टिपण आणि टीपकागद

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वर्ध्याच्या किंवा हिंगणघाटच्या पेठेतून चक्कर मारली, तर अजूनही काही पेढ्यांवर नव्या वहीची पूजा मांडलेली दिसते. हिशेब केव्हाच संगणकात गेले. तरी लाल पुठ्ठ्याची एक वही आणायची, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखायचे, फूल-अक्षता वाहायच्या आणि मुलाबाळांच्या हातावर पेढा ठेवायचा, ही रीत अनेकांना मोडवत नाही. व्यापाऱ्याच्या वहीला असा मान आहे. विद्यार्थ्याच्या वहीच्या वाट्याला मात्र तो येत नाही. दसऱ्याला पाटीवर सरस्वती रेखली जाते खरी; पण वर्षभर मान मोडून भरलेली वर्गातली वही परीक्षा संपली की रद्दीच्या तराजूत जाते. कागद तोच, शाई तीच, आणि लिहिणारे हातही कित्येकदा एकाच घरातले. मग एक वही पाटावर आणि दुसरी तराजूत, असे का व्हावे?

वर्धा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या महाविद्यालयांत मी पस्तीस वर्षे मराठी शिकवली. फळ्याकडे तोंड केले की पाठीमागे चाळीस-पन्नास लेखण्यांची कुरकुर ऐकू येई, आणि दर वर्षी तोच प्रश्न मनात येई: ही मुले लिहीत आहेत म्हणजे शिकत आहेत काय? प्रश्न दिसायला शाळामास्तरी आहे. एखाद्या शिक्षण-परिषदेत तो ठरावाने निकालात काढता येईल असे वाटते. पण जसजसा मी त्यावर विचार करू लागलो, तसतसे मला वाटू लागले, की हा केवळ अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न नव्हे. ज्ञान आपण कुणासाठी घेतो, हा नीतीचा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

आपल्या भाषेने या क्रियेला नाव मोठे मार्मिक दिले आहे: टिपणे. अंगणात उतरलेली चिमणी दाणे टिपते. नेमबाज निशाण टिपतो. आई पदराने लेकराचे डोळे टिपते. आणि आम्ही दौत-टाकाने लिहीत होतो त्या काळी एक जाडसर, गुलाबी कागद ओली शाई टिपत असे. त्याचे नावच टीपकागद. क्रियापद एक; पण चिमणीचे टिपणे आणि टीपकागदाचे टिपणे यांत केवढे अंतर! चिमणी खड्यांतून दाणा निवडते. मान तिरकी करून पाहते, मगच चोच मारते. टीपकागद काहीच निवडत नाही. जे ओले असेल ते तो शोषून घेतो, आणि तेही उलटे. त्याच्यावरची अक्षरे आरशासमोर धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. आणि आठ दिवसांनी तर ठशांवर ठसे उमटून त्याचा नुसता निळा ढग होतो. वर्गात बसलेल्यांपैकी चिमण्या किती आणि टीपकागद किती, हे बाकांमधून एक फेरी मारली की कळत असे.

पण यात मुलांनाच दोष देणे न्यायाचे नाही. माझ्या विद्यार्थिदशेत मला एक प्राध्यापक होते. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते वर्गात येत, खुर्चीवर बसत आणि कडा झिजलेली एक पिवळी वही उघडत. मग संथ, एकसुरी आवाजात मजकूर सांगितला जाई. ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’ हेही ते त्याच सुरात म्हणत. आमच्यातल्या एका सोबत्याच्या वहीत ‘स्वल्पविराम’ हा शब्द चक्क अक्षरांत लिहिलेला सापडला, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आज वाटते, त्यात हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ होते. तो मुलगा आळशी नव्हता. त्याला जे काम सांगितले होते ते तो चोख बजावत होता. फक्त त्या कामात त्याच्या मनाची गरज कुणालाच नव्हती. आपल्याकडे ‘नोट्स घेणे’ आणि ‘नोट्स देणे’ असे दोन प्रयोग रूढ आहेत. पहिल्यात विद्यार्थी काही करतो. दुसऱ्यात त्याच्यावर काही केले जाते. पुढे परीक्षेत तीच वाक्ये परत मागितली जातात. ठेव जशी ठेवली तशी परत केली, याला प्रामाणिकपणा म्हणता येईल; शिक्षण म्हणता येणार नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा पुष्कळ काथ्याकूट केला आहे. १९७२ साली दि व्हेस्टा आणि ग्रे या दोन अमेरिकन संशोधकांनी टिपणाची दोन कामे वेगळी करून दाखवली. एक, लिहिता लिहिता मनावर होणारा संस्कार. दुसरे, पुढे पाहण्यासाठी झालेली बाहेरची साठवण. पुढच्या अभ्यासकांनी हाच धागा धरून प्रयोग केले. २०१४ साली म्यूलर आणि ओपेनहायमर यांचा एक अभ्यास फार गाजला. संगणकावर टिपणे घेणारे विद्यार्थी जास्त मजकूर लिहितात, पण बराचसा वक्त्याच्याच शब्दांत. हाताने लिहिणाऱ्याला तेवढे लिहिणे जमतच नाही, म्हणून त्याला निवड करावी लागते. आणि आशय समजला का हे पाहणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारा सरस ठरतो, असे त्यांना आढळले. जुन्या वळणाच्या आम्हा मंडळींना या वार्तेने कोण आनंद झाला! पण शास्त्र कुणाच्या आनंदासाठी थांबत नाही. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा हात आणि यंत्र यांतला फरक तितका स्पष्ट दिसला नाही. म्हणजे पेन की संगणक, हा वाद मिटलेला नाही. आणि माझ्या मते तो मुख्य वाद नाहीच. टाकाने लिहिणाराही टीपकागद होऊ शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझे एक स्नेही याहून पुढे जातात. ते म्हणतात, “अहो, लिहायचेच कशाला? गाणे ऐकताना कुणी वही उघडतो का? शिक्षकाच्या तोंडाकडे पाहावे, डोके उघडे ठेवावे, जे आपले असेल ते राहील. जे गेले ते आपले नव्हतेच.” ऐकायला हे फार सुंदर वाटते. पण १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून एक कडू सत्य मांडून ठेवले आहे. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करी आणि किती काळाने किती विसरली ते मोजी. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असतो, पुढे तो मंदावतो, असे त्याला दिसले. अर्थपूर्ण गोष्टी जरा जास्त टिकतात, एवढेच. तेव्हा ‘आपले असेल ते राहील’ हा भरवसा स्मरणशक्तीच्या श्रीमंतांनी धरावा. शिवाय माझ्या स्नेह्यांच्या घरी भिंतभर पुस्तके आहेत. वर्गात निसटलेले त्यांना कपाटातून काढता येते. आर्वीकडच्या किंवा समुद्रपूरकडच्या एखाद्या खेड्यातून बसने येणाऱ्या, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाला कपाट नाही. त्याच्या घरात त्या विषयाचे एकच पुस्तक असते, आणि ते म्हणजे त्याने स्वतः लिहिलेली वही. त्याला ‘लिहू नकोस, नुसता ऐक’ असे सांगणे म्हणजे पायात वहाण नसलेल्याला पायी चालण्याचे काव्य ऐकवणे आहे.

‘व्याख्यानच नको’ म्हणणारा आणखी एक पक्ष आहे, आणि त्याचे माहेर आमचे वर्धाच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. मुलाने हस्तोद्योगातून शिकावे; टकळीवर सूत काढता काढता गणित, कापसाच्या निमित्ताने भूगोल आणि इतिहास यावा, हा तिचा गाभा. सेवाग्रामला आर्यनायकम् पतिपत्नींनी या विचाराला आपले आयुष्य वाहिले. आजही तिथे आनंद निकेतन ही शाळा त्या वाटेने चालते आहे. ज्याने स्वतः सूत काढले, त्याला तार मोजून मांडताना कुणाचे टिपण उतरवावे लागत नाही, हे मला पूर्ण पटते. पण सगळेच ज्ञान टकळीवर निघत नाही. कायदा, वैद्यक, इतिहास, तत्त्वज्ञान शिकताना कधी ना कधी एक जण बोलतो आणि इतर ऐकतात. आणि मग प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो: ऐकणाऱ्याने काय करावे?

याचे उत्तर मला पुस्तकातून नव्हे, एका तुरुंगातून मिळाले.

विनोबा १९२१ साली गांधीजींच्या सांगण्यावरून वर्ध्याला आले आणि शेवटपर्यंत वर्ध्या-पवनारचेच झाले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेवरची अठरा प्रवचने त्यांनी सोबतच्या कैद्यांना दिली. वर्ध्याचे जमनालाल बजाज श्रोत्यांत होते. आणि एक होते बत्तीस वर्षांचे, हळव्या मनाचे शिक्षक, पांडुरंग सदाशिव साने. विनोबा बोलत गेले आणि साने गुरुजी लिहीत गेले. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक घराघरांत आहे, भारतातल्या बहुतेक प्रमुख भाषांत गेले आहे, भूदानाच्या पदयात्रेबरोबर गावोगाव पोचले आहे, ते मुळात एका श्रोत्याने घेतलेले टिपण आहे! मराठीत याहून थोर अशी वर्गातली वही मला ठाऊक नाही.

गुरुजींचे ते लिहिणे टीपकागदाचे नव्हते, हे पुस्तकाचे कुठलेही पान उघडले तरी कळते. बोलण्यातली ऊब त्यात आहे, दृष्टांत आपापल्या जागी आहेत, आणि तरीही वाक्य वाचायला सरळ आहे. अर्थ ज्याच्या मनातून गेला आहे त्याच्याच हातून असे उतरते. पण गुरुजींना हे साधले कसे? बुद्धीने? बुद्धिमान कैदी त्या तुरुंगात आणखीही होते. मला वाटते, याचे मूळ त्यांच्या आधीच्या आयुष्यात आहे. १९२४ पासून सहा वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. आपण जे वाचले, ऐकले, ते मुलांना सकाळी वाचायला मिळाले पाहिजे, ही त्या लेखनामागची ओढ. धुळ्याच्या तुरुंगात समोर मुले नव्हती. पण दुसऱ्याला दिल्याशिवाय घेतलेले पचत नाही, ही सवय हाताला जडलेली होती. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे, त्याला हे पोचवायचे आहे, अशा भावनेने जो ऐकतो, तो निराळ्याच कानाने ऐकतो. ‘हे मला समजले का?’ एवढ्यावर त्याचे भागत नाही. ‘हे मला समजावून सांगता येईल का?’ असे तो क्षणोक्षणी स्वतःला विचारतो. आणि हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार कठोर परीक्षक आहे.

सेवाग्रामातली दुसरी वहीही अशीच. महादेवभाई देसाई १९१७ पासून १५ ऑगस्ट १९४२ ला मृत्यूने गाठेपर्यंत गांधीजींच्या सहवासात होते. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ते वैदर्भीय उन्हातून सेगावला पायी जात आणि परतत. त्या गावाचे सेवाग्राम पुढे झाले. गांधीजींचे बोलणे ते टिपून घेत, आणि ते टिपण दुसऱ्यांसाठी असे, ‘हरिजन’च्या वाचकांसाठी असे, येणाऱ्या पिढ्यांसाठी असे. स्वतःपुरते लिहिणारा माणूस असा उन्हातून चालत नाही.

आणि फार मागे जायचे, तर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. स्वामी बोलत असताना म्हाइंभट वही घेऊन बसले नव्हते. ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, नागदेवाचार्यांसारख्या ज्येष्ठांकडून पारखून, त्यांनी ते लिहिले. त्या शिष्यांना इतके तपशील आठवले ते केवळ तल्लख बुद्धीमुळे, असे मला वाटत नाही. ते एकमेकांना त्या लीळा सांगत होते. सांगण्यामुळे त्या जिवंत होत्या. म्हणजे लिहिले की नाही लिहिले, हा भेदही शेवटी दुय्यम ठरतो. धुळ्याला लिहिले गेले, रिद्धपूरच्या त्या शिष्यांनी ऐकून मनात ठेवले. दोन्हीकडे टिकले, कारण दोन्हीकडे पुढे सांगायचे होते.

माझे हे म्हणणे श्रद्धेचेच आहे असे कुणी समजू नये. २०१४ साली अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच उतारा वाचायला दिला. एका गटाला सांगितले, यावर तुमची परीक्षा आहे. दुसऱ्याला सांगितले, हे तुम्हाला दुसऱ्या विद्यार्थ्याला शिकवायचे आहे. प्रत्यक्षात शिकवायला कुणालाच लावले नाही. दोघांचीही परीक्षाच घेतली. ज्यांना शिकवायचे आहे असे वाटत होते, त्यांना जास्त आठवले, आणि अधिक सुसंगत आठवले. उतारा तोच, वेळ तेवढाच; फरक एवढाच, की एकाच्या मनात परीक्षक होता आणि दुसऱ्याच्या मनात शिकणारा होता. त्याआधी २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले होते, की वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणे हे आठवड्याने जास्त उपयोगी ठरते. गंमत अशी, की पाच मिनिटांनीच परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणाराच पुढे असतो. वही चाळताना ‘हे मला येते’ असे जे वाटते, ते त्या पाच मिनिटांचे सुख आहे. दुसऱ्याला सांगायला बसले की वही मिटावीच लागते, आणि ते सुख ओसरून खरे काय हाती आहे ते दिसते.

मला हे एका विद्यार्थिनीने फार आधी शिकवले होते. ती सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातून येत असे. आई मजुरीने कापूस वेचायला जाणारी, अक्षरओळख नाही. मुलीची वही एकदा सहज माझ्या हाती आली. मधल्या भागात मी सांगितलेले मुद्दे, तेही निवडून, तिच्या शब्दांत. आणि समासात बारीक अक्षरांत भलताच मजकूर. चेतनगुणोक्ती अलंकाराच्या व्याख्येसमोर लिहिले होते, ‘पऱ्हाटी लेकुरवाळी झाली’. मी विचारले, “हे उदाहरण कुठल्या पुस्तकातले?” ती संकोचली. म्हणाली, “सर, ते मायचं आहे.” मग हळूहळू कळले. संध्याकाळी चूल पेटली, की आई रोज विचारी, “आज काय शिकवलं वं तुले कालेजात?” आणि मुलीला सांगावे लागे. चेतनगुणोक्ती हा शब्द आईपुढे टाकून चालणार नव्हते. झाडापेडांना, वस्तूंना माणसासारखे वागवून बोलायचे, असे तिने समजावले, तेव्हा भाकरी थापता थापता आई म्हणाली, “आमी त पऱ्हाटी लेकुरवाळी झाली म्हनतो, तसं होय काय वं?” बोंडांनी लगडलेली कपाशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या उदाहरणाची थोरवी सांगायला नको. पुढे मी ते माझ्या तासाला वापरत राहिलो. टिपण वर्गातून घरी गेले, घरून मोठे होऊन वर्गात परत आले.

आता व्यापाऱ्याच्या वहीचे कोडे मला सुटल्यासारखे वाटते. त्या वहीचा मान कागदाचा नाही, आणि नुसत्या पैशाचाही नाही. तिच्यातल्या प्रत्येक ओळीत दुसरा माणूस आहे. अमक्याकडून आले, तमक्याला द्यायचे आहे. जमा आहे तशी नावेही आहे. ती वही म्हणजे माणसामाणसांतल्या देण्याघेण्याचा साक्षीदार. म्हणून तिच्यापुढे खोटे बोलायला व्यापारीही कचरतो. विद्यार्थ्याची वही आपण केवळ जमेची करून ठेवली. घेतले, घेतले, घेतले. देणे कुणाचेच नाही. ज्या हिशेबात देणे नाही, तो परीक्षेच्या दिवशी संपतो, आणि मग वही रद्दीत जाते, यात नवल ते काय?

देणे नसले की वृत्तीही कशी होते पाहा. परीक्षा जवळ आली की आपली वही लपवून ठेवणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. ‘माझ्या नोट्स मी का द्याव्यात?’ हा त्याचा सवाल वरवर रास्त दिसतो. कष्ट त्याचेच असतात. पण वहीत जे आहे ते त्याच्या गुरूंचे, त्यांच्या गुरूंचे, आणि कुणा अज्ञात माणसांनी पिढ्यान्पिढ्या सांगत आणलेले. त्याने केले ते एवढेच, की वाहता पाट आपल्या बांधापाशी अडवला. उलट, मागेल त्याला वही देऊन मोकळा होणारा उदार मुलगाही फारसे काही देत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून चाळीस प्रती निघतात, आणि चाळीस जणांना वाटते आपण शिकलो. आता तर फळ्याचे छायाचित्र क्षणात साऱ्या वर्गात फिरते. वही देणे सोपे आहे. समजावून देणे अवघड आहे, कारण त्यासाठी दोन माणसांना एकमेकांसमोर बसावे लागते. खरे देणे ते.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक जण साने गुरुजी थोडाच होतो? परीक्षा आहेत, नोकऱ्यांची टंचाई आहे, पोरांना पाठ्यक्रम संपवता संपवता नाकी नऊ येतात. तुम्ही त्यांच्यावर हे आणखी ऋण कुठे लादता? आक्षेप खरा आहे. चार गुणांसाठी कुणाचे वर्ष अडते, हे मी जवळून पाहिले आहे. पण मी वेगळे काम सांगत नाही. तास तोच, वही तीच, हात तोच. ऐकताना फक्त एक चेहरा मनात असावा. धाकटा भाऊ, शेजारची मुलगी, मागच्या बाकावरचा आजारपणामुळे न आलेला सोबती. आणि ‘हे मी त्याला कसे सांगेन?’ एवढाच प्रश्न. चिमणीलाही पिले झाली की ती जास्त दाणे टिपते, आणि टिपलेले सगळे स्वतः गिळत नाही.

तेव्हा, टिपणे घेतल्याने शिकणे होते का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: होते, जर ते कुणाला तरी देणे लागत असाल तर. नाहीतर हात शिकतो, माणूस शिकत नाही.

मात्र या उत्तराचा अर्धा भार विद्यार्थ्यावर नाही, आपल्यावर आहे. त्या सेलूकडच्या मुलीच्या वहीचे श्रेय मी जितके मुलीला देतो, तितकेच तिला रोज विचारणाऱ्या आईला देतो. देणे लागायचे तर घेणारा हवा. आपण मुलांना काय विचारतो? वही पूर्ण आहे का? गुण किती पडले? हे प्रश्न सावकाराचे आहेत. सुट्टीत मुले-नातवंडे घरी आली आहेत. चिवड्याची ताटली मध्ये आहे, वेळही आहे. त्यांतल्या एखाद्याला विचारावे, “यंदा तू शिकलास त्यातले एक काहीतरी मला समजेल असे सांग.” तो आधी मोबाइलात पाहील, मग अडखळेल, मग दोन वाक्ये बोलेल. तेवढ्यात आपण घड्याळाकडे पाहू नये. न समजले तर ‘समजले’ म्हणू नये, पुन्हा विचारावे. सुट्टी संपून तो वर्गात जाईल, शिक्षक बोलू लागतील, आणि वही उघडताना कदाचित त्याला आठवेल, की घरी कुणीतरी हे ऐकायला बसले आहे.